माझ्यावर गेलेले कान

दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी जेवताना, मुलीनं ताटातला बोंबील बाजूला सारला आणि म्हणाली, "पप्पा, मला कानांचं ऑपरेशन करायचंय."

मी म्हटलं, "का? दुखतायत का?"

"दुखत नाहीत. बाहेर आलेत."

मला हसू आलं, कारण आमच्या घराण्यात कान बाहेरच असतात. माझ्या वडिलांचे तसे, माझे तसे. पण ती हसत नव्हती. बायको मान खाली घालून भात कालवत होती, आणि तिला या बोलण्याचं नवल वाटलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं. त्या दोघींचं यावर आधीच बोलून झालं होतं. मला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मी कृषी सहायक. डहाणूत राहतो, काम तलासरी तालुक्यात. बायको उधव्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझं मूळ गाव कासाच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. वडील अजून तिथेच असतात आणि झेपेल तेवढी भात-नागली करतात. लहानपणी गावात मला कोणी नावानं हाक मारलेली आठवत नाही. सगळे 'सुप्या' म्हणायचे, सुपाएवढे कान म्हणून. गुरुजींना तर माझे कान फारच सोयीचे पडायचे. वाकावं लागत नसे, हात आपोआप तिथे पोचायचा. मला त्याचं फार काही वाटलं नाही. वडिलांना तर अभिमानच होता. पाहुण्यांसमोर मला पुढे ओढून म्हणायचे, "आमच्या घरचा आहे, सांगाय नको." लग्न ठरल्यावर बायकोच्या बहिणी खूप हसल्या, तेव्हा मीही त्यांच्यात हसलो.

मुलगी झाली तेव्हा नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळून तिला माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "बापावर गेली हो. कान बघा." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे तिच्या दोन्ही कानांना बोट लावून पाहिलं. मऊ होते, चिकूच्या कोवळ्या पानासारखे पातळ. उजेडाकडे धरलं की लालसर दिसायचे.

मुलाचे कान आणि मुलीचे कान यात फरक असतो, हे मला हळूहळू कळत गेलं. शाळेत दोन वेण्या घालाव्या लागायच्या, लाल रिबिनी लावून वर बांधलेल्या. बाकीच्या मुलींच्या वेण्या कानामागून यायच्या, हिच्या कानांवरून. रोज सकाळी आरशासमोर अर्धा अर्धा तास जायचा. मी बाहेरून ओरडायचो, "रिक्षा आली." मला वाटायचं, पोरीला नटायची हौस आहे.

ती खो-खो फार छान खेळायची. पाठलाग करताना खांबाला अशी काही वळायची की समोरच्या मुलीला कळायचंच नाही. आठवीत तिची निवड जिल्ह्याच्या संघात झाली. नववीत तिनं खेळणं सोडलं. अभ्यास आहे म्हणाली. मग एकदा बाजारात तिचे क्रीडाशिक्षक भेटले आणि त्यांच्याकडून खरं कारण कळलं. खेळताना केस घट्ट मागे बांधावे लागतात. कोणीतरी मोबाइलवर तिचा पळतानाचा व्हिडिओ काढला होता, त्याला हत्तीच्या चीत्काराचा आवाज जोडला होता आणि तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. वर्गातली गुजराती मुलं तिला 'सुपडा' म्हणायची, मराठी मुलं दुसरं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. त्यांनी मुलांना बोलावलं, दम दिला, सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. मी समाधानानं घरी आलो. संध्याकाळी मुलगी आली आणि दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही का गेलात?"

"अगं, त्यांनी तुझी चेष्टा—"

"आधी फक्त आमच्या वर्गाला माहीत होतं. आता अख्ख्या शाळेला माहीत झालं. आज पाचवीतली पोरं येऊन माझे कान बघून गेली."

ती आत गेली. त्यानंतर खो-खोचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

तर त्या रविवारी मी तिला समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, "कानांमुळे काही अडत नाही ग. मला बघ. नोकरी लागली, लग्न झालं, तू झालीस."

ती म्हणाली, "तुम्हालाच बघते ना रोज."

रागानं नाही म्हणाली. सहज म्हणाली, आणि म्हणूनच ते लागलं. मी उठून हात धुतले.

वापीला एक डॉक्टर आहेत असं बायकोला शाळेतल्या कोणीतरी सांगितलं होतं. आमच्याकडची बरीच माणसं मोठ्या दुखण्याला वापी-वलसाडलाच जातात. मुंबईपेक्षा ते जवळ पडतं. आम्ही तिघं गाडीनं गेलो. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. गुजराती, हिंदी आणि मोडकंतोडकं मराठी मिसळून बोलायचे. त्यांनी तिचे केस मागे घेतले. खो-खो सोडल्यापासून तिनं हे कोणाला करू दिलं नव्हतं. ते कान बोटांनी दुमडून बघू लागले. म्हणाले, कानाच्या वरच्या भागात जी घडी असते ती हिच्यात पडलेलीच नाही. मागून छोटा छेद घ्यायचा, कूर्चेला, म्हणजे कानातल्या मऊ हाडाला, टाके घालून ती घडी पाडायची, की कान डोक्याजवळ येतो. आठवडाभर पट्टी, मग काही दिवस झोपताना कपाळपट्टा. मुलीनं बरेच प्रश्न विचारले. टाके सुटले तर? ऐकायला कमी येईल का? व्रण दिसेल का? माझी मुलगी इतकं नेमकं बोलू शकते हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

डॉक्टरांनी धोकेही सांगितले. रक्त साठू शकतं, संसर्ग होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते हसून म्हणाले, "अंकल, तमारा पण करी दऊं?"

सगळे हसले, मुलगीही. मी हसताना माझ्या कानांवर हात ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बायकोनं तिचे सगळे केस मागे ओढून घट्ट वेणी घातली. डॉक्टरांनी निळ्या पेननं तिच्या दोन्ही कानांवर रेघा मारल्या. ती हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर बसली होती, खिडकी तिच्या मागे होती. उन्हात तिचे कान लालसर दिसत होते, कडेच्या बारीक शिरांसकट. लहानपणानंतर मी ते असे उजेडात, इतक्या जवळून, पाहिलेच नव्हते. मला ते सुंदर वाटले. हे तिला सांगावं असं फार वाटलं, पण आता सांगून काय उपयोग होता? सांगितलं असतं तर ती घाबरली असती किंवा चिडली असती. मी म्हटलं, "तहान लागली का?" बायको म्हणाली, "अहो, तिला पाणी द्यायचं नाहीये." मग नर्स आली आणि तिला घेऊन गेली.

सगळं व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी डोक्याला पांढरी जाडजूड पट्टी बांधलेली मुलगी घरी आली. ती खूश होती. आरशात बघून म्हणाली, "पगडीवाली दिसते." मऊ वरणभात खाल्ला, मैत्रिणीशी फोनवर बोलली. बायकोची रजा संपली होती, ती शाळेत जाऊ लागली. मी घरी थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून ती गप्प होती. मी दोनदा विचारलं, "दुखतंय का?" दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. दहाच्या सुमारास बाथरूममधून उलटीचा आवाज आला. मी धावत गेलो तर ती भिंतीला डावी बाजू टेकवून उभी होती. ओठ पांढरे पडले होते.

"कधीपासून दुखतंय?"

"काल संध्याकाळपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, नको म्हणत होतो ना."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज एकदम बदलला. एकाच बाजूला दुखतंय आणि वाढतंय, म्हणजे आत रक्त साठलं असेल, म्हणाले. पट्टीला हात लावू नका, घेऊन या, आत्ताच. रेल्वे नुकतीच गेली होती आणि पुढच्या गाडीला वेळ होता. मी तिला आमच्या छोट्या गाडीत बसवलं, उशीला टेकवलं आणि चारोटीवरून हायवेला लागलो. वाटेत बायकोला फोन केला. ती शाळेतच होती. म्हणाली, "मी उधव्याहून जीपनं तलासरी नाक्यावर येते. तिथे मला घ्या."

तलासरीच्या अलीकडे, चढाला, वाहतूक थांबली. सुरुवातीला वाटलं, नेहमीचंच आहे, हलेल. हललं नाही. ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरले, तेव्हा कळलं की पुढे कंटेनर आडवा झालाय आणि दोन्ही बाजू बंद आहेत. मागेही रांग लागली होती. डावीकडे खड्डा, उजवीकडे दुभाजक. गाडी वळवायला वीतभर जागा नव्हती.

ऊन चढत होतं. मुलगी मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आधी ती फक्त कण्हत होती, मग रडायला लागली आणि मग म्हणाली, "पप्पा, पट्टी काढा. थोडीशी सैल करा. प्लीज."

"डॉक्टर नको म्हणालेत बाळा."

"त्यांना काय कळतंय! आत काहीतरी फुगतंय. तुम्ही काढा ना!"

मी मागे वळून हात पुढे केला. पट्टीच्या टोकाला बोट लागलं. सोडावी तर भीती, न सोडावी तर समोर ती अशी. मी तसाच हात धरून राहिलो. मग तिनंच माझा हात बाजूला ढकलला आणि तोंड फिरवलं.

मी पोलिसांना फोन केला, ॲम्ब्युलन्सला केला. ॲम्ब्युलन्सवाला बिचारा म्हणाला, "साहेब, मी पण त्याच रांगेत पोचणार." बायकोचा फोन आला. ती नाक्यावर उभी होती. कंटेनरच्या पलीकडे रस्ता मोकळा होता, म्हणाली, पण आमच्या आणि तिच्यामध्ये सगळे ट्रक होते. मी म्हटलं, थांब, काहीतरी करतो. काय करणार होतो कोण जाणे.

बराच वेळ गेला. मग समोरून ट्रकांच्या मधून एक बाई चालत येताना दिसली. पदर डोक्यावर घेतलेला, खांद्याला शाळेची पर्स, एका हातात पाण्याची बाटली. ती माझी बायको आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. नाक्यावरून ती तशीच चालत आली होती. तिनं मागचं दार उघडलं, मुलीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाली, "मी हिला घेऊन चालत जाते. पलीकडे जीपवाला थांबवून ठेवलाय. तो थेट वापीला सोडतो म्हणालाय."

"मी पण येतो."

"आणि गाडी? रांग हलली तर मागचे काय करतील? चावी लावून कोणाच्या भरवशावर सोडणार?"

बरोबर होतं. मुलगी उतरली. आईच्या खांद्याला धरून तिनं चालायला सुरुवात केली. वाटेत ट्रकवाले टायरच्या सावलीत बसले होते. सगळे तिच्याकडे बघत होते. माझी मुलगी, जी कोणी बघू नये म्हणून दोन वर्षं मैदानावर गेली नव्हती, ती डोक्याला एवढी मोठी पट्टी बांधून हायवेच्या मधोमध चालली होती आणि कोण बघतंय याचं भान तिला उरलं नव्हतं. एकानं विचारलं, "एक्सीडेंट हुआ क्या, बेटी?" ती चालत राहिली. तो उठला आणि पुढच्या लोकांना "जाने दो, जाने दो" करत बाजूला करत गेला. पांढरी पट्टी दोन टँकरच्या मध्ये दिसली, परत दिसली, मग दिसेनाशी झाली.

मी गाडीत बसून राहिलो. स्टिअरिंगवर हात होते, गाडी बंद. शेजारच्या ट्रकमधला माणूस कांदा-भाकर खात होता. त्यानं मलाही विचारलं. मी नको म्हटलं. इतका वेळ रिकामा बसून राहणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. शेतकऱ्याच्या भाताला करपा पडला तर कोणतं औषध मारायचं हे मी सांगू शकतो. चिकूच्या बागेत काय बिघडलंय हे पान बघून ओळखतो. इथे माझ्या हातात चावी होती, आणि तिचाही काही उपयोग नव्हता.

दुपार कलल्यावर रांग सरकली. मी वापीला पोचलो तेव्हा तिला वॉर्डात आणलं होतं. डॉक्टरांनी टाके उघडून साठलेलं रक्त काढलं होतं. ती झोपली होती. बायको स्टुलावर बसली होती, पायातल्या चपला काढलेल्या, टाचा सोललेल्या.

रक्त निघालं, पण त्या डाव्या कानात पुढे संसर्ग झाला. कूर्चेला संसर्ग झाला की तो लवकर जात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं झाली, ड्रेसिंगला फेऱ्या झाल्या. अकरावीचं कॉलेज सुरू झालं तरी आमच्या फेऱ्या चालूच होत्या. डॉक्टरांनी काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मनापासून केलं. तरी सूज उतरली तेव्हा दिसलं ते दिसलंच. उजवा कान छान झाला होता, डोक्याला लागून, नाजूक, मुलीला हवा होता तसा. डावा वरच्या बाजूला आक्रसला होता, जाड झाला होता, कडेला एक चुणी पडली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभरानं बघू. बरगडीच्या कूर्चेतून काही करता येतं. पण खात्री देत नाही.

घरी येताना झाईकडून किनाऱ्याच्या रस्त्यानं आलो. वाटेत सुकवायला घातलेल्या मासळीचा वास येत होता. मला वाटत होतं, ती आता रडेल, ओरडेल, निदान मला काहीतरी बोलेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दिवाळीला गावी गेलो. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही काही सांगितलं नव्हतं. नात पाया पडली तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी तिच्या कानाला हात लावला. हात तिथेच थांबला. मग दुसऱ्या कानाला लावला. ती मान खाली घालून उभी राहिली आणि मग आत गेली. बापू माझ्याकडे वळले.

"पोरीचे कान कुठं गेले?"

मी म्हटलं, "बापू, तिला नको होते."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला वाटलं, पुन्हा मोठ्यानं सांगावं लागणार. पण त्यांनी ऐकलं होतं. "बरं," म्हणाले, आणि खळ्यावर भाताचे भारे बघायला निघून गेले. त्या दिवाळीत त्यांनी हा विषय काढला नाही आणि कोणाच्या कानाला हातही लावला नाही.

एकदा मी धीर करून तिला विचारलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "तुला पश्चात्ताप होतो का ग?"

तिनं चिमटा तोंडातून काढला. "एक कान चांगला झाला ना."

"आणि दुसरा?"

"दुसरा नाही झाला." मग पुढचा कपडा झटकत म्हणाली, "पप्पा, तुम्ही असे बघत जाऊ नका माझ्याकडे."

"कसा बघतो?"

"तुमचंच काहीतरी मोडलंय असं."

मी बघणं बंद केलं, किंवा ती बघत असताना तरी केलं. ती आता कॉलेजात असते, मैत्रिणींबरोबर डहाणूच्या किनाऱ्यावर जाते. केस एका बाजूला घेते, डावीकडे. खो-खो परत सुरू केलेला नाही. मी विचारलेलं नाही. दुसऱ्या ऑपरेशनचं काय, तेही तिनं ठरवलेलं नाही. विषय निघाला की म्हणते, "बघू." आधी मी विरोध करायचो. आता मी कशालाच विरोध करू शकत नाही आणि कशाला पाठिंबा द्यावा तेही कळत नाही. ती करायचं म्हणाली तर मी गाडी काढीन, एवढंच.

गेल्या महिन्यात तिला चष्मा लागला. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. तिनं काळी फ्रेम निवडली, घातली, आणि चष्मा डावीकडून घसरून नाकावर आला. दुकानदारानं काडी थोडी वाकवली. पुन्हा घसरला. त्यानं वाकून तिचे केस बाजूला केले आणि मोकळेपणानं विचारलं, "अरे, कानाला काय झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो? लहानपणी पडली, गळू झालं, असलंच काहीतरी.

तिनं माझ्याआधी सांगितलं. "कान मोठे होते. ऑपरेशन केलं. एक नीट झाला, एक बिघडला."

"असं होय," तो म्हणाला. त्यानं काडी गरम केली, कानाच्या त्या चुणीखाली बसेल अशी वळवली, फुंकर मारून थंड केली आणि परत घालून पाहिली. "हलवा डोकं."

तिनं डोकं हलवलं. चष्मा राहिला. तिनं आरशात बघितलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी तिच्या मागे उभा होतो. आरशात तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी माझे कान दिसत होते. मी जरा बाजूला सरकलो.

"चालेल का?" दुकानदारानं विचारलं.

"काडी थोडी सैल करा," ती म्हणाली, "डावीकडे अजून टोचतंय."